पेंढ्यांनी भरलेली गाडी काय करते?

लातूर,
२० ऑक्टोबर २०२४

मलिका,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच. आधी लिहिलं होतं. मग दुसरा कागद घेतला.

पत्र लिहायची वेळ तू आणलीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस. फोन लागत नाही. आमच्या शेषेरावांच्या फोनवरून लावला, तर माझं नुसतं 'हॅलो' ऐकून ठेवून दिलास. हे तुमच्या नांदेडच्या इतवाऱ्यातल्या शिष्टाचारात बसतं का, तुझ्या मोहियोद्दीनभाईंना विचार. पोस्टमन मात्र तुझ्या दारात येणारच, आणि त्याला तू चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीस हे मला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. त्या दिवशी पास्टरसाहेबांच्या कचेरीत काय झालं ते मी लिहून काढते. तू तिथेच होतीस, पण तुझी आठवण तुझ्या सोयीने चालते.

चार वर्षं आपण त्यांच्यासाठी हे काम करतोय. बायबलातले बारा लहान संदेष्टे, हिब्रूतून थेट मराठीत, आणि मराठी अशी की रेणापूरच्या बाजारात उभं राहून वाचली तरी माणसाने पिशवी खाली ठेवून ऐकावी. तू अर्थ सांगायचास, मी मराठी करायची. तू अरबीची प्राध्यापक, निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांचा व्यायाम सांगितला तर हिब्रू शिकायला बसलीस. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. दर शनिवारी अहमदपूरला एसटी बदलून मी नांदेडला यायची. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला कोश, दुसऱ्या बाजूला खिचडी आणि चिंचेचा खट्टा. होशेय झाला, योएल झाला, आमोसही झाला, फक्त त्याच्या दुसऱ्या अध्यायात आपली गाडी अडकली.

खरोखरीची गाडी. लोकांनी गरिबाला जोड्याच्या किमतीत विकलंय, देव भडकलाय, आणि म्हणतो की पेंढ्यांनी खच्चून भरलेली गाडी जशी अमुक करते, तसं मी तुमचं तुमच्या जागी अमुक करीन. हे 'अमुक' म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नाही. तो शब्द अख्ख्या शास्त्रात या एका वचनाशिवाय कुठे येतच नाही. कोशवाल्यांनी आपापले अंदाज बांधलेत. कुणी म्हणतं दाबते, कुणी म्हणतं डुगडुगते, कुणी म्हणतं करकरते. तू म्हणालीस, 'दाबते' लिहू आणि खाली टीप देऊ की अर्थ नक्की नाही. मी म्हणाले, भरलेली गाडी करकरते. मी शेतकऱ्याच्या घरची, तो आवाज मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. आणि टीप कशाला? वर संदेष्टा शाप देतोय, खाली आपण 'नक्की नाही' म्हणतोय. मग घाबरणार कोण?

इथपर्यंत ठीक होतं. मग मी म्हणाले, "तुझ्या माहेरी मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान. बैलगाडीतलं तुला काय कळतं?" तू म्हणालीस, "आणि हिब्रूतलं तुला काय कळतं? चार वर्षांत तुला अलेफ हे पहिलं अक्षरसुद्धा ओळखता येईना." पास्टरसाहेबांनी दोघींच्या मध्ये बिस्किटं सरकवली. तू कोश पिशवीत कोंबलास आणि निघालीस.

अलेफ मला ओळखता येतो. शिन आणि सिनमध्ये घोटाळा होतो, तो कुणाचाही होईल.

आता ऐक. जानेवारीअखेर या तिघांचं हस्तलिखित छापखान्यात जाणार. त्यावर दोघींच्या सह्या नसतील तर पास्टरसाहेब उरलेलं काम पुण्याच्या एका तज्ज्ञांकडे सोपवणार आहेत. त्या गृहस्थांनी नमुन्यादाखल आपलं एक पान सुधारून पाठवलंय. त्यात आमोस 'उद्गारता झाला' आहे. मलिका, मेंढरं राखणारा माणूस तो. मेंढरांमागे धावता धावता तो उद्गारता कधी होणार?

तेवढ्यासाठी तरी ये. माफी मी मागत नाही, तूही मागू नकोस. नुसती ये.

सिंधु


लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

मलिका,

उत्तर नाही. ठीक आहे. शेषेरावांना कळलंय की तुझी तब्येत चांगली आहे, गुडघा जरा धरतो आणि माझं पत्र तू दोनदा वाचलंस. ही बातमी कुठून आली म्हणून विचारू नकोस. आपले नवरे रोज सकाळी फोनवर बोलतात. तुझे म्हणतात, "भाभीचं कसं काय?" माझे म्हणतात, "आमच्या भाभीसारखंच." आणि दोघं हसतात. आपल्या भांडणाचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झालेला नाही.

मी एकटीने काम सुरू ठेवलंय. काल ऐकवणीला गेले. तू बरोबर असतीस तर पुढचं काही झालंच नसतं, म्हणून हे थोडं तुझ्या खात्यावरही येतं.

ऐकवणीचे नियम मला पाठ आहेत. ज्यांनी हे वचन कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला ते वाचून दाखवायचं. काय कळलं ते विचारायचं. तो सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं. आणि समजावून सांगायचं नाही, चुकला तरी नाही, कारण पुस्तक वाचलं जाईल तेव्हा समजवायला आपण तिथे नसणार. हा शेवटचा नियम तू मला किती वेळा ऐकवलास! होशेयच्या वेळी मी त्या म्हाताऱ्याला जरा मदत केली, तर एसटीत अहमदपूरपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. या वेळी मी ठरवलं होतं, जीभ चावीन पण समजावणार नाही.

आमच्या गावाकडच्या शेताला लागून नागप्पांचं शेत आहे. आमची गाडीवाट त्यांच्या बांधावरून जाते, आणि त्या वाटेवरून शेषेरावांचं नि त्यांचं माझे सासरे होते तेव्हापासून धुसफुसतंय. मला हे माहीत होतं. पण वचन ऐकायला धुसफूस आड येते असं कुठल्या नियमात लिहिलंय? नागप्पा बांधावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "परचाराला आलाव का बाई? कोणता पक्ष?" म्हटलं, पक्ष नाही, एक वचन वाचून दाखवते, नुसतं ऐका.

आणि बघ माझा मोठेपणा, तुझा शब्द पहिल्यांदा वाचला. मनात पाप नको म्हणून. "पेंढ्यांनी खच्चून भरलेली गाडी जशी दाबते, तसं मी तुम्हाला तुमच्या जागी दाबीन." चांगलं ठासून वाचलं. तुला माहीतच आहे मी कशी वाचते ते.

नागप्पा उठून उभे राहिले. "कोण म्हणून राहिलंय हे?"

मी नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोण म्हणतंय?"

"शेषेराव."

"असं का वाटतं?"

"गाडी म्हणलं. पेंढ्या म्हणल्या. तुमच्या जागी म्हणलं. माझ्या जागंतून गाडी कुणाला न्यायची हाय?"

मी जसंच्या तसं लिहिलं.

"ऐकताना मनात काय आलं?"

"भ्या वाटलं जरा. मंग लई राग आला."

मलिका, पास्टरसाहेबांच्या तक्त्यात 'ऐकणाऱ्यावर परिणाम' असा रकाना आहे. चार वर्षं आपण त्यात 'बरं वाटलं' आणि 'देवाचं आहे वाटतं' एवढंच लिहीत आलो. काल पहिल्यांदा कुणीतरी आमोस ऐकून घाबरलं आणि चिडलं. मी इतकी खूश झाले की त्यांचे आभार मानून, पाणी पिऊन घरी आले.

समजावून सांगितलं नाही. नियम पाळला. तुला अभिमान वाटायला हवा.

सिंधु


लातूर,
५ डिसेंबर २०२४

मलिका,

तुझ्या 'दाबीन'ने आम्हाला दाबलं.

माझी ऐकवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागप्पांनी गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या आणि गावच्या तंटामुक्ती समितीकडे अर्ज केला. शेषेरावांनी बायकोला पाठवून गाडीखाली चिरडायची धमकी दिली, असा. काल समितीपुढे बोलावणं होतं. तंटामुक्तीचे अध्यक्ष वीरण्णा, तुला आठवत असतील, मागच्या येळवसला, शेतातल्या अमावास्येच्या पूजेला, आंबील पिऊन तुझ्याशी निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेबद्दल तासभर बोलत बसले होते.

मी सांगितलं, हे शेषेरावांचं म्हणणं नाही, हे देवाचं वचन आहे. नागप्पा म्हणाले, "मंग त्या दिशी का न्हाई म्हणलाव? मी तर इचारलं व्हतं, कोण म्हणून राहिलंय!" आणि त्यांनी विचारलं होतं, हे खरंच आहे. मी नियम सांगितला, की ऐकणाऱ्याला समजवायचं नसतं. वीरण्णा म्हणाले, "बाई, माणूस भ्यायला, आन् तुमी समजवलं न्हाई? ह्यो कुठला नियम?" मी म्हटलं, माझा नाही, नांदेडच्या मलिकाबाईंचा. तुझं नाव असं समितीत आलं.

मग त्यांनी तक्ता मागितला. माझ्याच अक्षरात होतं: 'कोण म्हणतंय? शेषेराव.' खाली माझीच सही.

घरी आल्यावर शेषेराव जेवले नाहीत. म्हणाले, "जन्मभर मी कुणाला अरे म्हटलं नाही. आणि तू मला एकदम देवाच्या जागी बसवलंस?" मला हसू आलं, ते चुकलंच. आता तूर कापणीला आली आहे. वाट बंद राहिली तर पेंढ्या शेतातच पडतील, आणि तुरीच्या पेंढ्या डोक्यावरून वाहायचं शेषेरावांचं वय नाही.

समितीने ठरवलंय की येळवसच्या दिवशी शेतातच निकाल द्यायचा, नाहीतरी अख्खं गाव त्या दिवशी शिवारात असतं. त्याआधी मूळ कागद वाचता येणारं माणूस हजर करायचं. मी म्हटलं, मी सांगते ना. वीरण्णा म्हणाले, "तुमी न्हाई चालणार. तुमी त्यांच्या घरच्या."

अख्ख्या लातूर-नांदेडात ते वचन मुळातून वाचू शकणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. समितीचं पत्र सोबत जोडलं आहे. येळवस तीस डिसेंबरला आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. आमोससाठी ये, तुरीसाठी ये. नागप्पांसाठी ये, ते खरंच घाबरलेत.

आणि एक सांगते. शनिवारी सकाळी मी अजूनही आवरून बसते. शेषेराव विचारतात, कुठे? मग मी भाजी आणायला जाते. आमच्याकडे एवढी भाजी कुणी खात नाही. मला तुझी फार आठवण येते, मलिका. हे वाक्य खोडणार होते, पण कागद संपत आला.

सिंधु


लातूर,
२१ डिसेंबर २०२४

मलिका,

तुझं कार्ड मिळालं. 'येणार नाही. बैलगाडीतलं मला काय कळतं.' एवढंच. पन्नास पैशांच्या कार्डावर एवढी जागा मोकळी सोडायला मन कसं धजतं?

पण तू कार्ड टाकल्यावर जे झालं त्याची बातमी कार्डाच्या आधी येऊन पोचली होती. नागप्पा स्वतः नांदेडला जाऊन आले म्हणे! समितीच्या पत्रावरचा तुझा पत्ता घेऊन, धुतलेलं धोतर नेसून. आपला साक्षीदार आपणच गाठावा, विरुद्ध पक्षावर सोडू नये, असा त्यांचा हिशेब. परत आल्यावर त्यांनी वीरण्णांना सांगितलं, वीरण्णांनी शेषेरावांना सांगितलं, आणि शेषेरावांनी मला जेवताना, आमटी वाढून झाल्यावर सांगितलं. तू त्यांना अर्धापूरची केळी दिलीस, चहा दिलास, त्यांचं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मी तुमच्याकडून येते."

त्यांच्याकडून!

काल नागप्पा बांधावर भेटले. माझ्याशी बोलायचं नाही असं त्यांचं ठरलंय, पण तुझ्याबद्दल सांगायचा मोह आवरला नाही. म्हणाले, "बाई लई भल्या हाईत. समदं समजावून सांगत्यात. तुमच्यासारख्या न्हाईत."

समजावून सांगतेस? आता समजावतेस? अहमदपूरपर्यंत माझ्याशी न बोलणारी तूच ना?

तूर कापून पेंढ्या बांधून झाल्या. शेतात पडल्या आहेत. शेषेराव रोज संध्याकाळी जाऊन त्या मोजून येतात, जणू रात्री त्या स्वतःच चालत जाणार आहेत. आता वाट फक्त निकालाची. आणि निकाल तुझ्या हातात, म्हणजे तू माझ्या विरुद्ध बाजूने येणार आणि मला वाचवणार. हे तुला फारच आवडलेलं दिसतंय.

ये तर खरी. कुणाच्याही बाजूने ये.

सिंधु

ता. क. आमच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीत भज्जीची पातळ भाजी, बाजरीचे उंडे आणि तिळाच्या पोळ्या असतील. नागप्पांकडची भज्जी तिखटजाळ असते, सांगून ठेवते.


लातूर,
३१ डिसेंबर २०२४

प्रिय मलिका,

काल दिवसभर तू माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतीस आणि नीट बोलली नाहीस. म्हणून आज परत पत्र. तू तिथेच होतीस, पण तू सगळा वेळ आमच्याकडे बघायचं टाळत होतीस, त्यामुळे तुला काय काय दिसलं नाही ते सांगते.

तू नागप्पांच्या गाडीतून आलीस. फाट्यापासून मोहियोद्दीनभाई पुढे, तू मागे गोधडीवर, दोन्ही हातांनी गाडीची कड घट्ट धरून. मला खूप म्हणावंसं वाटलं की बैलगाडीत पहिल्यांदा बसलीस ना, पण मी तिकडे बघतच नव्हते. आमच्या कोपीत पांडवांची पूजा चालली होती आणि माझं सगळं लक्ष बांधापलीकडच्या कोपीत. मोहियोद्दीनभाई उतरल्या उतरल्या सरळ आमच्याकडे आले, शेषेरावांना मिठी मारली आणि आंबिलीचं गाडगं तोंडाला लावलं. तू मात्र नागप्पांच्या पंक्तीला बसलीस. ती भज्जी खाताना तुझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी पाहिलं. तू हिकमतीने नाक पुसलंस. मी पाण्याचा तांब्या घेऊन जाणार होते, पण तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी ताक दिलं.

मग चिंचेखाली समिती बसली. तू उभी राहून ते वचन आधी हिब्रूतून वाचलंस. खरं सांगते, तुझा आवाज ऐकून मी हातातली पिशवी खाली ठेवली. पोरंसुद्धा पतंग सोडून ऐकायला आली. वीरण्णा म्हणाले, "उर्दूवानी उलटं वाचत्यात की." तू सांगितलंस की हे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, बोलणारा देव आहे, ऐकवणारा आमोस नावाचा मेंढपाळ आहे, आणि शेषेरावांचा यात काही संबंध नाही. नागप्पांनी विचारलं, "मंग देव कुणाला म्हणला हे?" तू म्हणालीस, "गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्याला." नागप्पा खाली बसले. "मंग मला न्हाई ते," म्हणाले, आणि इतके हलके झाले की मला माझीच लाज वाटली. वीरण्णांनी मात्र पायातले नवे बूट हळूच धोतराखाली ओढून घेतले, ते तुला दिसलं का?

तिथेच मिटलं असतं. पण वीरण्णांना राहवेना. "पर बाई, गाडी करती काय? दाबती का करकरती?"

तू सगळ्या गावासमोर म्हणालीस, "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"एवढं शिकूनबी?"

"एवढं शिकल्यावरच कळलं."

मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं. तू नाही दिलंस. मग कुणीतरी म्हणालं, गाडी हाय, बैल हाईत, तुरीच्या पेंढ्या हाईत, बघूच की. बस्स! जेवून सुस्तावलेलं गाव एकदम उठलं. नागप्पांनी स्वतःच्या हाताने वाटेवरच्या काट्या बाजूला केल्या. "निस्तं तपासापुरतं," असं तीनदा म्हणाले. शेषेरावांच्या पेंढ्या नागप्पांच्या गाडीत चढल्या, एकावर एक, पार वरपर्यंत. वीरण्णांनी सगळ्यांना बजावलं, नीट बघा, नीट ऐका, नंतर इचारणार हाय.

पुढचं तुला माहीत आहे. हरभऱ्याला रात्री पाण्याचा तुषार लावला होता, तिथली काळी माती ओली होती, गाडीचं डावं चाक त्यात गेलं आणि बैल थांबले. सगळे धावले. शेषेराव नि नागप्पा जुवाला, मोहियोद्दीनभाई मागे, वीरण्णा बूट काढून चिखलात, बायका चाकांना. मी डाव्या चाकाला खांदा लावला. पलीकडून कुणीतरी त्याच चाकाला हात घातला. बघते तर तू, गुडघा धरणारी.

आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तू माझ्याशी बोललीस. म्हणालीस, "पदर आवर, चाकात जाईल."

मी पदर आवरला. बोलले नाही, कारण रडू आलं असतं आणि सगळं गाव म्हणालं असतं की बाई तुरीसाठी रडली.

गाडी निघाली. चिंचेखाली परत बसल्यावर वीरण्णांनी विचारलं, तर काय केलं गाडीने? आणि कुणालाच सांगता येईना! एवढं गाव डोळे नि कान घेऊन उभं होतं, पण सगळे ढकलत होते, ओरडत होते. बघितलं कुणीच नाही. समितीने शेवटी लिहिलं, 'गाडी अडकली व निघाली. तंटा मिटला.' वाट उघडीच राहिली. तूर आज खळ्यावर आली.

तू शेवटच्या एसटीने गेलीस. फाट्यावर मी आले होते. तू खिडकीशी बसलीस, पण मोहियोद्दीनभाईंनीच हात हलवला.

मी आज सकाळी पास्टरसाहेबांकडे जाऊन आमोसची माझी प्रत देऊन आले. तिथे 'दाबते' लिहिलंय. खाली तुझी टीप जशीच्या तशी: या शब्दाचा अर्थ नक्की माहीत नाही. तुझ्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. मी चाकाला खांदा लावून होते, ते चाक मातीत कसं दाबलं जात होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुरावा पाहिला की मी ऐकते. सही केली आहे. तुझ्या सहीची जागा शेजारी मोकळी आहे.

ती भरायला येशील का? पुण्याच्या गृहस्थांची भीती आता मला एवढी वाटत नाही. तू नसलीस तर मग आमोस उद्गारता झाला काय नि झाला नाही काय.

तुझी,
सिंधु


नांदेड,
९ जानेवारी २०२५

सिंधु,

आज पास्टरसाहेबांचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, "बाई, तुम्ही दोघी माझी थट्टा करताय का? सिंधुबाईंच्या प्रतीत 'दाबते' आहे. आणि तुम्ही स्पीडपोस्टाने सही करून पाठवलेल्या प्रतीत 'करकरते' आहे. छापू काय?"

हो, पाठवली मी. येळवसच्या दुसऱ्याच दिवशी पाठवली. तुझं पत्र त्यानंतर आलं. तुझ्यावर मेहेरबानी वगैरे काही नाही. तू चाकाच्या अलीकडे होतीस, मी पलीकडे, चाकाच्या आसाला कान लावून. तू ओरडत होतीस म्हणून तुला ऐकू आलं नाही. मला आलं. इतकं करकरत होतं की माझे दात शिवशिवले. अल्लाची शपथ, असा आवाज आमच्या दुकानात कधी ऐकला नव्हता. आमोसने तोच ऐकला असणार. टीपसुद्धा काढून टाकली मी. आता तू म्हणतेस 'दाबते'! कानाला लावलेला आस खोटा आणि तुझे डोळे खरे?

हे मला मान्य नाही. मुळीच नाही. भर कचेरीत 'करकरते' म्हणून माझं डोकं खाल्लंस, आणि आता मला पटल्यावर तू उलटलीस?

पास्टरसाहेबांना मी सांगितलंय की महिनाअखेरपर्यंत दोघी बसून काय ते ठरवू आणि एकाच प्रतीवर सह्या करून देऊ. पुण्याला काही पाठवू नका. ते हो म्हणाले, आणि फोन ठेवताना हसले असावेत.

शनिवारी ये. पहिल्या एसटीने ये, कारण हे दुपारपर्यंत संपणारं नाही, आणि मी ऐकणार नाही. ब्लॉक काढलाय, पण फोन करू नकोस. हे भांडण मला समोर बसून करायचंय.

मलिका